ताराबाई मोडक, अंगणवाडी आणि लेकरांचे दात

या पानावर आपण एरवी उसाचं, डाळिंबाचं, नीरा उजव्या कालव्याच्या आवर्तनाचं बोलतो. आज एका बाईंबद्दल सांगायचं आहे. त्यांचं नाव ताराबाई मोडक. त्यांचा फोटो तुमच्या गावच्या अंगणवाडीत असेल किंवा नसेल, पण त्या इमारतीवर जो शब्द रंगवलेला आहे तो त्यांच्या कामातून आला. 'अंगणवाडी' हा शब्द सरकारच्या फायलीत जन्मला असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तो ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या वारल्यांच्या झोपड्यांपुढच्या अंगणात जन्मला, आणि सरकारनं तो पुढे उचलला.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिव केळकर प्रार्थना समाजाचे, सुधारकी विचाराचे. ज्या काळात मुलीला दुसरी-तिसरीच्या पुढं शिकवणं म्हणजे घराला बट्टा समजत, त्या काळात ही मुलगी मॅट्रिक झाली आणि १९१४ साली बी.ए. झाली. पुढं अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न झालं, एक मुलगी झाली. संसार काही टिकला नाही. त्याची कारणं आपण उकरायची गरज नाही. एवढंच बघा की शंभर वर्षांपूर्वी एक बाई पदरात लहान लेकरू घेऊन वेगळी झाली, आणि माहेरी रडत न बसता नोकरीला लागली. राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज होतं, शिक्षिका तयार करणारं. त्याच्या त्या प्राचार्या झाल्या.

तिथून थोड्या अंतरावर भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ होते. मूळचे वकील. वकिली सोडून अडीच ते सहा वर्षांच्या पोरांत रमले होते. इटलीच्या मारिया माँटेसरी बाईंनी लहान मुलांना शिकवायची जी पद्धत काढली, ती गिजुभाईंनी दक्षिणामूर्ती संस्थेच्या बालमंदिरात चालवून दाखवली होती. १९२३ साली ताराबाई प्राचार्यपद सोडून त्यांच्याकडे गेल्या. प्राचार्याची खुर्ची सोडून बालवाडीची चटई धरणं, हे त्या वेळच्या लोकांना वेडेपणाचं वाटलं असणार. दोघांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला, 'शिक्षणपत्रिका' हे मासिक चालवलं. मुलाला मारून शिकवू नये, घाबरवून शिकवू नये, त्याचं त्याला करू द्यावं, हे ते सांगत राहिले. पुढं ताराबाई मुंबईला आल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला, बालशिक्षिका तयार करायचं अध्यापन मंदिर सुरू झालं. सगळं नीट मार्गी लागलं होतं.

पण एक गोष्ट त्यांना डाचत होती. माँटेसरीचं साहित्य महाग. लाकडी ठोकळे, मोजून कापलेले मनोरे, रंगीत पट्ट्या, सगळं सुताराकडून बेतून करवून घ्यायचं. ते परवडणार कोणाला, तर दादरच्या पगारदारांना. गावातल्या, पाड्यावरच्या मुलाचं काय? आमच्या खात्यातही असं घडतं बघा. संशोधन केंद्राच्या प्लॉटवर पीक झकास येतं, पण तेच तंत्र दीड एकरवाल्याच्या रानात उतरवायचं म्हटलं की खरा घाम फुटतो. ताराबाईंनी तो घाम वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी गाळायला घेतला.

१९४५ च्या डिसेंबरात त्या बोर्डीला गेल्या. बोर्डी म्हणजे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव, चिकूच्या बागांचा मुलूख. बागा एका बाजूला आणि त्या बागांत राबणारे वारली दुसऱ्या बाजूला. तिथं त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांत त्या विधवा झाल्या. शिकल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या, आणि पस्तिसाव्या वर्षी ती कायमची नोकरी सोडून बोर्डीला गेल्या. या दोघींची जोडी पुढं अठ्ठावीस वर्षं टिकली.

आता खरी अडचण ऐका. बालवाडी निघाली, पण पोरं येईनात. वारली आईबाप पहाटे कामाला जात. मोठं पोर धाकट्याला सांभाळी किंवा गुरामागं जाई. ज्यांच्या पोटाला नाही ते बालवाडीत कशाला येतील? दुसरा कोणी असता तर लोक अडाणी आहेत असा अहवाल लिहून मोकळा झाला असता. ताराबाईंनी उलट विचार केला. पोर वाडीत येत नाही ना, मग वाडी पोराच्या अंगणात न्यायची. शिक्षिकेनं खोका उचलायचा, पाड्यावर जायचं, कुणाच्या तरी झोपडीपुढं बसायचं. तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. आणि साहित्य? शिंपले, गोटे, चिंचोके, पानं, बिया, मातीचे गोळे. मोजायला माँटेसरीच्या मण्यांऐवजी गुंजा. पैसा जवळपास लागत नव्हता, अक्कल मात्र पुष्कळ लागत होती.

तिथं पहिला पाठ अक्षरांचा नव्हता. आधी अंगाची स्वच्छता. आंघोळ, केस विंचरणं, नखं काढणं, डोळे पुसणं, दात घासणं, चूळ भरणं. मग काहीतरी खायला. मग गाणी, गोष्टी, खेळ. हे सारं आईच्या नजरेसमोर, तिच्याच अंगणात. ताराबाईंच्या कामातलं मला सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. लेकराला शाळेत धुऊन घरी पाठवलं तर आई म्हणते, बाई करतात ते. अंगणात धुतलं तर शेजारच्या चार बायका बघतात, हसतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यातली एक आपल्या पोराला स्वतःच धुते. आम्ही शेतीत ज्याला प्रात्यक्षिक म्हणतो, ते हेच. भाषणानं कुणी बीजप्रक्रिया केलेली मी पाहिलेली नाही. बांधावर करून दाखवली की करतात.

१९५७ साली केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्था होती, म्हणजे एकीकडं शेतीचं शिक्षण आणि दुसरीकडं पाळणाघर, बालवाडी, कुरणशाळा, प्राथमिक शाळा, शिक्षिकांचं प्रशिक्षण. १९६२ साली भारत सरकारनं ताराबाईंना पद्मभूषण दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. अनुताईंनी पुढची एकोणीस वर्षं, १९९२ मध्ये स्वतः जाईपर्यंत, टेकडी सोडली नाही.

ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला देशभरात ३३ प्रकल्प. शून्य ते सहा वयाची मुलं, गरोदर माता आणि स्तनदा माता, यांना आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वशिक्षण एका छपराखाली. त्या छपराला नाव दिलं अंगणवाडी. आज ती आपल्या प्रत्येक गावात, वाडी-वस्तीवर आहे. नातेपुते, वेळापूर, पिलीव, महाळुंग, कुठंही जा.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण दातांचं काय काढलंत मधेच? सांगतो. कोसबाडच्या पहिल्या पाठातल्या पुष्कळ गोष्टी आपल्या अंगणवाडीत उतरल्या. वजन होतं, उंची मोजतात, लस होते, खाऊ मिळतो, हात धुतात. दात मात्र कुठंतरी वाटेत सांडले. लेकराचं वजन किती, हे आईला पाठ असतं. त्याच्या तोंडात किती दात किडले, हे विचारा, कुणालाच माहीत नसतं. पोर रात्री रडतं, एका बाजूनंच चावतं, भाकरी नको म्हणतं, बिस्किट चहात बुडवून मागतं. आपण म्हणतो, नखरे करतंय. आणि मग वजन वाढत नाही म्हणून सेविकेवर ओरडतो. ज्याची दाढ ठणकते ते पोर खाणार कसं?

दुधाचे दात पडणारच आहेत, त्यांची काय काळजी, हा समज घराघरात आहे. तो चुकीचा आहे. दुधाचे दात वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात दिसतो, अडीच-तीन वर्षांत सगळे येतात. पण शेवटच्या दुधाच्या दाढा पडायला मूल दहा-बारा वर्षांचं व्हावं लागतं. तोवर त्याच दाढांवर त्याला खायचंय. शिवाय खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातांची जागा हेच दात धरून ठेवतात. वेळेआधी काढावे लागले की पुढचे वाकडे येतात. आणि साधारण सहाव्या वर्षी मागच्या बाजूला एक नवी दाढ येते, ती दुधाची नसून कायमची असते. दुधाची समजून तिच्याकडं दुर्लक्ष झालं, की कायमची दाढच जाते.

दात किडतो कशानं? तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात, ते आम्ल दाताचं वरचं कवच विरघळवतं. किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं, हे जास्त नडतं. प्रत्येक वेळी पुन्हा आम्ल. आपला तालुका उसाचा आहे. अकलूज, माळीनगर, सदाशिवनगर, श्रीपूर, चारी बाजूंना कारखाने. आपल्या पोराच्या हातात उसाचं कांडं, खिशात गुळाचा खडा, आणि सकाळी गोड चहा. गूळ साखरेपेक्षा चांगला असेल रक्ताला, पण दाताला दोन्ही सारखेच. गूळ-शेंगदाण्याचा लाडू बंद करा असं मी म्हणत नाही. गरोदर बाईला आणि वाढत्या पोराला तो हवाच. लाडू जेवणाबरोबर द्या, वर चूळ भरायला लावा, आणि दिवसभर चघळत ठेवू नका. सगळ्यात वाईट म्हणजे साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणं. झोपेत लाळ कमी होते, दूध दातांवर तसंच राहतं, आणि दोन वर्षांच्या पोराचे वरचे पुढचे दात काळे ठिक्कर पडतात.

आईचं आणखी महत्त्वाचं. बाळाच्या दुधाच्या दातांची जडणघडण पोटातच सुरू होते, चौथ्या महिन्याच्या सुमारास त्यात चुना भरू लागतो. म्हणून आईच्या ताटात दूध, ताक, नाचणी, तीळ, पालेभाजी हवी. पण एका बाळंतपणाला एक दात जातो, असं जे आपल्याकडं म्हणतात ते खरं नाही. बाळ आईच्या दातातला चुना काढून घेत नाही. दात जातात ते वेगळ्याच कारणानं. गरोदरपणात अंगातल्या बदलांमुळं हिरड्या सुजतात, घासताना रक्त येतं. रक्त दिसलं की बाई घासणंच सोडते. मग घाण साचते आणि हिरडी आणखी सुजते. खरं तर तेव्हाच मऊ ब्रशनं रोज दोनदा घासायला हवं. उलट्या होत असतील तर लगेच घासू नये. आधी पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून चूळ भरावी, अर्ध्या तासानं घासावं. आणि ज्या आईच्या तोंडात किडके दात भरपूर, तिचे जंतू लाळेतून बाळाकडं जातात. घास आधी चावून मऊ करून बाळाला भरवणं, चमचा आपल्या तोंडात घालून तोच बाळाला देणं, हे त्यासाठी टाळायचं. उसाचं बेणं रोगट असलं तर खोडवाही रोगटच निघणार, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि मिश्री. हे लिहिताना जरा संकोच वाटतो, कारण ही सवय आपल्या आया-बहिणींची आहे आणि कुणी तोंडावर बोलत नाही. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, सकाळी दाताला लावून बसायची. दात स्वच्छ होतात म्हणून पहिल्यांदा लावली जाते, पुढं ती सुटत नाही, आणि गरोदरपणातही चालू राहते. ती तंबाखूच आहे, हे समजून घ्या. तिचं विष हिरडीतून रक्तात आणि रक्तातून बाळाकडं जातं. मिश्री लावणाऱ्या मातांची बाळं कमी वजनाची होतात, हे आपल्या महाराष्ट्रातच झालेल्या अभ्यासांनी दाखवलेलं आहे. कमी वजनाच्या बाळासाठी आपण नंतर पोषण आहाराची धावपळ करतो. मिश्रीचा डबा मात्र चुलीजवळ तसाच. पुरुष मंडळींनी यावर फार बोलू नये हे बरं, कारण आपल्या खिशातली पुडी काही वेगळी नाही. घरात दोन्ही एकदम थांबल्या तर बाईला थांबवणं सोपं जाईल.

मग करायचं काय? मी शेतीचा माणूस, दातांचा डॉक्टर नव्हे. पण गावपातळीवर काय बसतं आणि काय बसत नाही, एवढं कळतं. ताराबाईंच्या हिशेबानं बघा. अंगणवाडीत तीस लेकरं धरली आणि पंधरा रुपयांचा एक छोटा ब्रश धरला, तर साडेचारशे रुपये. चार महिन्यांनी बदलला तरी वर्षाचे साडेतेराशे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला आणि बालकांसाठी खर्च करायचाच असतो. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी त्या रकमेचं दरवर्षी काय होतं ते एकदा ग्रामसभेत वाचून दाखवावं. ब्रशावर नाव लिहायचं, एकमेकांचा वापरायचा नाही, उभे ठेवून वाळवायचे. फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांखालच्याला तांदळाच्या दाण्याएवढी, मोठ्याला वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवायचं. सहा-सात वर्षांपर्यंत मोठ्या माणसानं हात धरून घासून द्यावं लागतं. पोर स्वतः घासतं ते फक्त पुढचं. राखुंडी, विटकरीची भुकटी, कोळसा हे बंद. त्यानं दात पांढरा दिसतो पण कवच झिजतं. गावच्या बोअरचं पाणी तपासून घ्या, फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पिण्यासाठी वापरू नये, कारण जास्त झालं तर त्यानंच दातांवर डाग पडतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. २०१३ पासून हे चालू आहे आणि दात हा त्यांच्या तपासणीतला भाग आहे. पथक येणार त्या दिवशी पोरं शेतावर नेऊ नका, आणि तोंड उघडून दाखवल्याशिवाय त्यांना जाऊ देऊ नका. गरोदर बायकांची तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात असते. तिथं रक्त, दाब, वजन बघतात. हिरड्यांचं आपण सांगितलं तरच कळेल, म्हणून आशाताईंनी ते विचारायची सवय लावावी. किडलेला दात भरायचा किंवा काढायचा असेल तर चौथा ते सहावा महिना सोयीचा. दाढ सुजली असेल तर महिना मोजत बसू नये, लगेच जावं. गरोदर असल्याचं डॉक्टरांना आधी सांगावं, आणि दुकानातून गोळी आणून खाऊ नये. काही औषधांनी पोटातल्या बाळाचे दात कायमचे पिवळे होतात.

राहिली ऊसतोड्यांची लेकरं. गाळप सुरू झालं की बीडकडून, मराठवाड्यातून टोळ्या येतात. आपल्याच फडाच्या कडेला कोप्या पडतात. त्यांत शून्य ते सहा वयाची पोरं असतात, गरोदर बाया असतात, पहाटे तीनला उठून फडात जाणाऱ्या. त्या पोरांना चार-पाच महिने ना अंगणवाडी, ना ब्रश, ना तपासणी. दिवसभर हातात उसाचं कांडं. वारल्यांच्या पोरांची जी गत ताराबाईंनी बोर्डीला पाहिली, तीच आहे ही. स्थलांतरित मुलाला आणि मातेला जिथं असतील तिथल्या अंगणवाडीत नोंदवून घ्यायची तरतूद आहे. पण त्यासाठी कोणीतरी कोपीपर्यंत जाऊन नाव लिहून आणावं लागतं. सेविका एकटी किती ठिकाणी पुरणार? टोळी आपल्या शिवारात उतरली, की ज्याच्या रानात उतरली त्या शेतकऱ्यानं त्याच दिवशी मुकादमाला विचारून पोरांची आणि गरोदर बायांची नावं, वयं एका कागदावर उतरवावीत आणि तो कागद अंगणवाडीत द्यावा. पुढं आठवड्यातून एक सकाळ सेविकेनं नि मदतनिसानं कोप्यांपुढच्या अंगणात बसावं. सोबत एक बादली पाणी आणि ब्रशांचा गठ्ठा. जाण्या-येण्याला मोटारसायकल शेतकऱ्यानं द्यावी.